काँस्तांताँ गीस यांच्या एका रेखाचित्राची प्रत करताना

फ्रेंच चित्रकार काँस्तांताँ गीस (१८०२–१८९२) यांनी रेखाटलेल्या पॅरिसच्या नटव्या, रुबाबदार स्त्रिया पुस्तकांतून मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मात्र छपाईत शाईचे थर उमटत नाहीत, म्हणून मूळ चित्र समोर ठेवून त्याचा अभ्यास करायचा आणि मग त्याची प्रत काढायची, असे ठरवले. लंडनमधील एका संग्रहालयाच्या अभ्यासकक्षात त्यासाठी आधी अर्ज करून वेळ घ्यावी लागली. हात स्वच्छ धुऊन, सोबत केवळ शिसपेन्सिल घेऊनच आत जाता येते. शाईला तेथे सक्त मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. त्यामुळे टिपणे तेथे आणि टाकाचे काम घरी, अशी विभागणी आपोआपच झाली.

चित्रातील स्त्रीने क्रिनोलिन, म्हणजे झग्याचा घेर फुगवून धरणारा आतला सांगाडा, घातले आहे. १८५६ च्या सुमारास पोलादी कड्यांचा हलका सांगाडा प्रचारात आल्यावर झग्यांचे घेर अफाट वाढले, आणि त्या घेरावर पाठीमागे त्रिकोणी पसरणारी काश्मिरी शाल पॅरिसमध्ये प्रतिष्ठेची मानली जाई. गीस यांनी शालीची नक्षी काढलेली नाही, तिचा भार तेवढा दाखवला आहे. चेहरा दोन ठिपके आणि एका फटकाऱ्यात आटोपला आहे. सारे लक्ष झगा किंचित उचलून धरणाऱ्या हाताकडे आणि खाली डोकावणाऱ्या बुटाच्या टोकाकडे जाते.

भिंगातून पाहिल्यावर कमरेपाशी पेन्सिलीची पुसट खूण दिसली, तिच्यावर करड्या पातळ शाईचा हात, आणि त्याच्याही वरून गेलेली टाकाची रेघ. कवी शार्ल बोदलेअर यांनी १८६३ साली गीस यांच्या कामाचा नेमका हाच क्रम वर्णिला होता: आधी पेन्सिलीच्या खुणा, मग छटा, आणि बाह्यरेषा अगदी शेवटी. गीस समोर माणूस बसवून नव्हे, तर स्मरणातून चित्रे काढत, हेही बोदलेअर यांनीच नोंदवले आहे. लंडनच्या सचित्र साप्ताहिकासाठी क्रिमियाच्या युद्धाची रेखाटने करणाऱ्या या माणसाची नजर तशी तयार झालेली होती.

घरी मी तोच क्रम पाळला. मायफळ (ओकच्या झाडावरील गाठी) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून केलेली जुन्या पद्धतीची शाई कागदावर प्रथम फिकी उतरते, हवा लागताच काळी पडते आणि कालांतराने तपकिरी होते, म्हणून लिहिताना दिसणाऱ्या रंगावर विसंबता येत नाही. घेराच्या छटा पूर्ण वाळू दिल्यावरच टाक हाती घेतला. खाली येताना दाब दिला की टाकाची जीभ फाकून रेघ जाड होते, वर जाताना ती केसासारखी बारीक उरते. घेराची लांब कड मनगटाने नव्हे, खांद्यापासून हात फिरवून एका दमात ओढावी लागते. छटांनी झग्याचा फुगीर आकार आधीच उभा केलेला असल्याने रेघ मोकळी, तुटक राहिली तरी चालते, आणि गीस यांच्या रेषेतील चपळपणा मला तरी यातूनच आलेला वाटतो.

कोणाला असे काम करायचे असल्यास चित्रांचे नोंदणी क्रमांक संग्रहालयाच्या सूचीतून आधीच काढून ठेवावेत, म्हणजे अर्जात नेमके कोणते चित्र हवे ते सांगता येते.