आई आत्ता अटलांटिकवर आहे

पहाटे आईला मुंबई विमानतळावर सोडलं. न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर, सलग १६ तासांच्या आसपास. ताईचं बाळंतपण, म्हणून ६८व्या वर्षी पहिल्यांदाच एकटी निघाली. बॅगेत डिंकाचे लाडू.

“येताना लवकर पोचेन ना रे?” तिने विचारलं. हो आई. उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना समोरून, येताना पाठीशी. परतीचा वेळ कमीच लागतो.

दिवसभर मोबाईलवर ते चिमुकलं विमान बघतोय. नकाशात वाट उत्तरेकडे वाकलेली दिसते, पण गोल पृथ्वीवर तीच जवळची. इथे चार वाजलेत, न्यूयॉर्कला सकाळचे साडेसहा. तिची चहाची वेळ झाली. आलं घातलेला कोण देणार तिला तिथे?