चालतंय न्हवं?

कॉम्प्युटरला नवीन प्रोसेसर बसवला की पाहुण्यांना दाखवायला काहीच राहत नाही. मॉनिटर मोठा घेतला तर घरात येणारा प्रत्येकजण त्यावर बोलतो. ग्राफिक्स कार्डाला पंखे असतात, दिवे असतात, काचेच्या कॅबिनेटमधून ते मिरवत राहतं. प्रोसेसर म्हणजे तळहातावर मावणारा चौकोन. त्यावर उष्णता वाहून नेणारी पेस्ट, पेस्टवर थंड ठेवणारा कुलर, आणि झाकण लावलं की कायमचा पडद्याआड. पैसे घालून हौस करायची आणि ती कुणाला दिसायची नाही, हे कोल्हापुरी स्वभावाला जरा जडच जातं. इथं बुलेटचा सायलेन्सर बदलला तरी अख्ख्या पेठेला कळतं.

माझ्यावर ही वेळ आणली एका शहरानं. शहर वसवायचा गेम खेळतो मी. रस्ते आखायचे, पाण्याची लाईन टाकायची, बस सुरू करायच्या. साहजिकच मी कोल्हापूर वसवलं. एका अंगाला पंचगंगा, मधे रंकाळा, आणि खऱ्या शहरात मिळणार नाहीत एवढे रुंद रस्ते. तरीही स्टेशनच्या बाजूला मी हौसेनं काढलेला दाभोळकर कॉर्नर व्हायचा तसाच तुंबला. पण लोकवस्ती लाखाच्या घरात गेल्यावर नुसती वाहतूक नव्हे, आख्खा कॉम्प्युटरच अडखळायला लागला. वेगाचं बटण शेवटपर्यंत दाबलं तरी बस रांगतच निघायच्या.

राजारामपुरीतल्या दुकानदारानं ऐकून घ्यायच्या आधीच निदान केलं. "नवं कार्ड घाला साहेब, विषय कट." कार्ड महाग असतं, त्यामुळं हे निदान लवकर होतं. पण अशा गेममध्ये कार्डाचं काम नुसतं रंगवायचं. कुठला माणूस कुठल्या घरातनं निघाला, कुठल्या कारखान्यात चालला, वाटेत कुठं अडकला, हा सगळा हिशोब प्रोसेसरकडं. तो हिशोब होईस्तोवर कार्ड ब्रश हातात घेऊन उभं. कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला तर कार्ड निम्म्या ताकदीवरही नव्हतं.

गंमत म्हणजे प्रोसेसरचा आकडाही आरामातला दिसत होता. हा आकडा मोठा फसवा. माझा प्रोसेसर रायझन ५ १६००, २०१७ चा, सहा कोअर आणि बारा थ्रेडचा, म्हणजे हिशोब करणारे सहा गडी आणि प्रत्येकाकडं एका वेळी कामाचे दोन धागे. त्यातला एकच थ्रेड ऊर फुटेस्तोवर पळत असला आणि बाकीचे बसून असले, तरी एकूण आकड्यात तो जेमतेम आठ टक्के भरतो. प्रत्येकाचा आलेख वेगळा उघडल्यावर मग दिसतं, की एकजण छताला टेकलाय. गेममधली बरीच कामं अशी असतात, की आधीचं झाल्याशिवाय पुढचं हलत नाही, आणि ती वाटून घेता येत नाहीत.

सरासरीचं तसंच. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. बाकीची सगळी वेळेवर आली आणि मधलं एखादं ५० मिलिसेकंदांनी आलं, तर सरासरी किंचितशी हलते. डोळ्याला मात्र तेवढंच दिसतं. म्हणून जाणकार मंडळी सरासरीच्या शेजारी सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा आकडा मांडतात. माझं सगळं दुखणं त्या एका टक्क्यात होतं, आणि घरात ते माझ्याखेरीज कुणालाच दिसत नव्हतं.

"चालतंय न्हवं? मग कशाला उघडायलाईस त्याला?" आबांचा प्रश्न. आबांची सगळी नोकरी उद्यमनगरात लेथवर गेली. चालत्या मशीनला हात लावायचा नाही हा त्यांचा धर्म.

मी घेतला रायझन ५ ५६००, २०२२ चा. याचेही कोअर सहाच. मग पैसे कशाचे? थोडे वेगाचे: जुना जास्तीत जास्त ३.६ गिगाहर्ट्झला जायचा, हा ४.४ ला जातो. पण खरी गोष्ट आतल्या मांडणीची. जुन्यात सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत होते आणि प्रत्येक गटाची कॅश, म्हणजे लागेल ते हाताशी ठेवायची मेमरी, आठ-आठ एमबीची, म्हणजे एका घरात दोन चुली. मीठ पलीकडच्या डब्यात असलं की उठून मागायला जायचं. नव्यात चूल एकच, डबा ३२ एमबीचा, सहाही जणांच्या हाताशी. गेमला हे फार मानवतं. रायझन बनवणाऱ्या एएमडीनं याच २०२२ मध्ये ५८००एक्स३डी म्हणून एक काढला, त्यात ही कॅश ९६ एमबी होती. तो माझ्या खिशाला मानवला नाही.

हे सगळं जुन्याच मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडायच्या मुख्य पाटीवर, बसतं, याचं मला मोठं अप्रूप. एएम४ हे एकच सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, कंपनीनं वर्षानुवर्षं चालवलं. माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या बोर्डांना नवे प्रोसेसर द्यायला आधी खळखळ केली, पण २०२२ मध्ये दार उघडलं. पुढच्या एएम५ ला जायचं तर बोर्ड नवा आणि रॅमही नव्या पिढीची, डीडीआर५, म्हणजे घर दुरुस्त करायला काढून नवंच बांधायची पाळी.

आधी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं, तेही जुना प्रोसेसर जागेवर असताना. त्या चार-पाच मिनिटांत लाईट गेली तर बोर्ड मुका होऊ शकतो. वळवाचं आभाळ आलेलं. शेजारच्याचा यूपीएस मागून आणला तेव्हा कुठं आबा खुर्ची ओढून जवळ बसले. यूपीएस लागतोय म्हणजे काम जोखमीचं, आणि जोखमीचं काम त्यांना बघायला आवडतं.

कुलर काढताना पेस्ट वाळलेली असते. सरळ ओढला तर लिव्हर बंद असूनही प्रोसेसर सॉकेटातनं उपटून वर येतो आणि पिना वाकतात. म्हणून मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं, मग कुलर डावी-उजवीकडं हलकेच फिरवत सोडवायचा. नवा प्रोसेसर आबांनी माझ्या हातातनं काढून घेतला. खाली १३३१ पिना, सोनेरी मुलाम्याच्या. चष्मा कपाळावर सारून, चिप आडवी धरून ते उजेडात एकेक ओळ बघत राहिले. "लायनीत हाईत," एवढंच म्हणाले. कोपऱ्यातला सोन्याचा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेला जुळवला आणि प्रोसेसर आपल्याच वजनानं खाली बसला.

"न दाबता बसला? मग ढिला असणार."

मी लिव्हर खाली केली. सगळ्या पिना एकदम आवळल्या जातात तेव्हा हाताला किंचित जड लागतं. ते आबांनाही करून बघायचं होतं. मी लिव्हर परत उचलून दिली.

शहर आता पळतं. बस रांगत नाहीत आणि ते मधलं अडखळणं गेलं. कार्ड मात्र, जे इतके दिवस निवांत उभं होतं, ते आता ९७ टक्क्यांवर घाम गाळतंय आणि त्याचे पंखे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतात.

जुना प्रोसेसर कळंब्याच्या भाच्याला द्यायचं ठरवलं. त्याचा बोर्ड त्याच सॉकेटचा. त्यानं फोनवर नंबर विचारून घेतला, काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "मामा, ह्याच्यात ग्राफिक्स न्हाई. नुसता घेऊन मला पडद्यावर काय दिसणार? आणि तुमचं कार्ड पण आता जुनंच झालंय की."