6 वाजून 22 मिनिटांनी

ब्रिस्टलला राहायला आले तेव्हा टोनी बेन या मजूर पक्षाच्या जुन्या खासदाराचं नाव शेजारच्या आजींच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "दोनदा निवडून दिला आम्ही, तेव्हा कुठे त्याला आत घेतलं!" साठ वर्षं होत आली, तरी आवाजात धार होती.

मग मी वाचत गेले. वडील विल्यम वेजवुड बेन 1929 ते 1931 ब्रिटिश सरकारात भारतमंत्री होते. (सहा वर्षांच्या टोनीने 1931 मध्ये लंडनला आलेल्या गांधीजींना पाहिलं होतं.) 1942 मध्ये लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, मजूर पक्षाला माणसं हवी होती, म्हणून वडिलांना व्हायकाउंट स्टॅन्सगेट ही उमराव पदवी दिली गेली. पदवी पिढीजात, त्यामुळे त्यांनी आधी थोरल्या मायकेलला विचारलं. तो पाद्री होणार होता, त्याची हरकत नव्हती. धाकट्याला विचारायचा प्रश्नच आला नाही.

जून 1944 मध्ये हवाई दलात वैमानिक असलेला मायकेल गेला आणि वारसा टोनीकडे आला. मी दर वेळी इथेच अडखळते. लोक या लढ्याकडे तत्त्वाची लढाई म्हणून बघतात, आणि ती होतीच. पण भावाच्या मरणाने चालून आलेली पदवी कुणाला मिरवावीशी वाटेल?

1955 मध्येच त्याने पदवी सोडण्यासाठी विधेयक आणून पाहिलं. जमलं नाही. 17 नोव्हेंबर 1960 ला वडील वारले आणि त्याच क्षणी दहा वर्षांची खासदारकी संपली, कारण तेव्हा लॉर्डला कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या खालच्या सभागृहात, बसता येत नसे. मे 1961 च्या पोटनिवडणुकीत तो तरीही उभा राहिला. आग्नेय ब्रिस्टलच्या लोकांनी सगळं माहीत असून त्याला 13 हजारांहून जास्त मताधिक्य दिलं. चार दिवसांनी तो सभागृहाच्या दाराशी गेला. रोजच्या पायाखालचं ते दार. द्वारपालाने तिथेच अडवलं. पुढे निवडणूक न्यायालयाने ती जागा पोटनिवडणूक हरलेल्या माल्कम सेंट क्लेअर यांना दिली.

31 जुलै 1963 ला संध्याकाळी उमराव पदवी सोडायची मुभा देणारा पिअरेज कायदा मंजूर झाला, आणि 6 वाजून 22 मिनिटांनी बेनने पदवी सोडली. पहिलाच. सेंट क्लेअर यांनी कायदा बदलल्यावर जागा सोडायचा शब्द पाळून राजीनामा दिला, त्यांचंही मला फार कौतुक वाटतं. 20 ऑगस्टला बेन पुन्हा निवडून आला. ऑक्टोबरमध्ये लॉर्ड होम याच वाटेने पदवी सोडून पंतप्रधान म्हणून कॉमन्सकडे वळले. आणि ज्या बायकांकडे वारशाने पदवी आली होती, त्यांनाही याच कायद्याने लॉर्ड्सचं दार उघडलं. हे फारसं कुणी सांगत नाही.

त्याग मात्र हयातीपुरताच. मार्च 2014 मध्ये बेन गेला आणि पदवी थोरल्या मुलाकडे आली. त्याने ती ठेवली. 2021 पासून तो लॉर्ड्समध्ये बसू लागला. आधी मला हे खटकलं. मग कायदा पुन्हा वाचला. ठेवायची की सोडायची हे ठरवायला वारसाला 12 महिने मिळतात. त्याच्या वडिलांना 1960 मध्ये एक दिवसही मिळाला नव्हता.