वाकळ स्पर्धेला का पाठवत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला लग्नघरात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, आणि दिवाळीनंतर हस्तकला प्रदर्शनांचा मोसम सुरू झाला की फोन करूनही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, ते मला कळतं. आजवर मी "वेळ कुठे मिळतो" म्हणून विषय टाळत आले. ते खरं नाही. वेळ मिळतो, वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची हातानं शिवलेली गोधडी, तर पावसाळा सोडला की वर्षभर हातात असतेच. तेव्हा आता एकदा सगळं सांगूनच टाकते.

स्पर्धा मला कमी वाटतात असं कृपा करून समजू नका. अमेरिकेत ह्यूस्टनला दरवर्षी क्विल्टांचा, म्हणजे तिकडच्या गोधड्यांचा, मोठा मेळा भरतो. तिथली बक्षिसाची कामं मी रात्री मोबाइलवर मोठी करकरून बघते, टाका न् टाका. १९८९ साली केंटकी राज्यातल्या पदूका शहरातल्या स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टला सर्वोत्कृष्टचा मान मिळाला. ते सगळं मशीनवर टीप मारून केलेलं होतं, आणि हातशिलाई करणाऱ्या बायका त्यावरून फार नाराज झाल्या. मी स्वतः हातानंच शिवते, तरी ते काम बघून मशीनविषयी बोलायची माझी भाषा बदलली. म्हणजे उत्तम काम एका ठिकाणी मांडावं, जाणत्या माणसांनी ते तपासावं, हे मला पटतं. माझी अडचण वेगळी आहे, आणि ती आत्याच्या वाकळीपासूनची आहे.

ती वाकळ आत्यानं मांडली तेव्हा तिचे डोळे शाबूत होते. तळाला आजीचं इरकली लुगडं, पोटात आजोबांची धोतरं आणि विरलेली पातळं, वर रंगांचे चौकोन, कडेनं काठ. ओसरीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, मिळेल ते वजन ठेवलं आणि सुगी झाल्यावर ती बसली. आमच्याकडे धावदोरा कडेनं सुरू होतो आणि फेर घेत घेत आत जातो. बाहेरचे फेर पुरे झाले आणि तिला मोतीबिंदूनं सुईचं नेढं दिसेना. मग शेजारच्या काकू येऊन एका अंगाला बसायला लागल्या, दुसऱ्या अंगाला मी. आत्या मध्ये बसून हातानं चाचपत सांगायची, "हितं झोळ आलाय, उसव."

तीन बायकांचे तीन हात. आत्याचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, वर जेवढा तेवढाच खाली. काकू दोरा आवळून घेतात, त्यामुळे त्यांच्या फेरांत कापडाला बारीक चुण्या पडतात. वाकळीवर आडवं झालं की पाठीला त्या बरोबर कळतात. माझा टाका लांब आणि सैल. कोपऱ्यावर वळताना माझी रांग काकूंच्या रांगेला मिळते तिथं दोन टाके एकमेकांवर चढलेले दिसतात. ते आम्ही तसेच ठेवले. आत्याच म्हणाली, राहू दे.

आणि ती वाकळ मी एका प्रदर्शनात स्पर्धेला उतरवली. अर्जात नावाला ओळ एकच होती. मी आत्याचं नाव लिहिलं. कापड तिनं साठवलेलं, मांडणी तिची, रंग तिचे, आम्ही दोघी तिच्या सांगण्यानं सुई चालवणाऱ्या. आज पुन्हा तो अर्ज समोर आला तरी मी तेच नाव लिहीन.

आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. परीक्षक बाई हुशार होत्या, ते मान्य करायलाच हवं. त्यांनी पहिल्यांदा वाकळ उलटी केली, कारण कामाची परीक्षा पाठीकडूनच होते. गाठी कुठं लपवल्यात ते बघितलं. मग आतल्या फेरावर अंगठा ठेवून म्हणाल्या, "इथं हात बदललाय." इतक्या झटक्यात कुणाला ते ओळखता येईल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी आत्याला विचारलं, "आजी, यातलं तुमचं कुठलं?" आत्याला वाटलं, आता खरं कौतुक सुरू झालं. ती खुर्चीवरून उठली, वाकळीवर हात फिरवत, बोटांनीच टाका ओळखत तिनं सांगितलं, हे माझं, हे शेजारणीचं, हे आमच्या पोरीचं. दिसत नसताना एकही फेर चुकली नाही. बोलताना तिचा चेहरा किती फुलला होता ते मी कसं सांगू?

परीक्षक बाई म्हणाल्या, "मग एकटीच्या नावानं कशी दिली? काम स्पर्धकानं स्वतः केलेलं हवं, नियम आहे." आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. कुणीतरी येऊन क्रमांकाची चिठ्ठी काढली आणि 'फक्त प्रदर्शनासाठी' असं लिहिलेली दुसरी लावली. टाचणी नेमकी इरकलीच्या काठात खुपसली.

येताना यष्टीत आत्या खिडकीशी बसली होती. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मी लबाडी केली व्हय गं?"

मी नाही म्हटलं. तिनं उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा पुन्हा नाही म्हटलं. वाकळी शिवण्यात जन्म गेलेल्या बाईच्या तोंडी तो शब्द आला, तो माझ्या कानातून आजही जात नाही.

त्यानंतर कित्येक दिवस मी भेटेल त्याला सांगत होते की एकटीचं नाव मागणारी स्पर्धा वाकळीला लागूच नाही, तो नियम बिनडोक आहे. त्या वेळच्या माझ्याशी आज माझं भांडण आहे, कारण नंतर मी शिकागोची हकीकत वाचली. १९३३ साली तिथल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं सिअर्स कंपनीनं क्विल्टची देशव्यापी स्पर्धा घेतली. एकूण बक्षिसं ७,५०० डॉलरची, आणि मंदीत पोळलेल्या बायकांनी २४,००० च्या वर क्विल्टं पाठवली. पहिलं बक्षीस केंटकीच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांना मिळालं, त्यांचं क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट गेलं. काम डोळे दिपवणारं होतं. पण त्यात केडनबाईंचा एक टाका नव्हता. ते शिवलं होतं मजुरी घेणाऱ्या बायकांनी. बक्षिसातला वाटा त्यांना मिळाला नाही, आणि बोलावं तर हातचं काम जायचं, म्हणून त्या गप्प राहिल्या.

वाचून मला झोप लागली नाही. 'स्वतः केलेलं' हा नियम अशाच बायकांसाठी हवा. आत्याला जो लागला तोच नियम त्यांना वाचवू शकला असता. मग आमच्या परीक्षक बाई चुकल्या का? नियमानं नाही. तरीही त्या खुर्चीत बसलेल्या म्हातारीसमोर तो तसा वाचायला नको होता, हे मी सोडणार नाही.

तुम्ही म्हणाल, आता मोठ्या स्पर्धांत गटाच्या कामाला वेगळा वर्ग असतो, त्यात उतरवा. बरोबर आहे. पण दुसरं एक कारण आहे. स्पर्धेला वाकळ कोरी लागते. डाग नको, वास नको, वापर नको. आमची वाकळ पहिल्या वर्षी कडकच असते. घट बसायच्या आधी नदीवर धुतली, दगडावर आपटली, पुन्हा अंथरली, असं काही वर्षं झालं की कापडं एकमेकांत मुरतात आणि मग ती अंगाला लागेनाशी होते. माझ्या हिशेबात ती तेव्हा पुरी होते. परीक्षकांच्या टेबलावर मी अर्धवट काम कसं ठेवू?

ऋतूंचंही तसंच. क्विल्टच्या मासिकांत हंगामानुसार नमुने येतात, हॅलोविनला भोपळे, नाताळला झाडं. मला लोक विचारतात, दिवाळीला काय नवीन? आमच्या वाकळीत ऋतू थरांत असतो. उन्हाळ्यात अंगाखाली घ्यायला दोनच थर, थंडीत अंगावर घ्यायला पाच. पावसाळ्यात शिवायचं नाही, दमट कापडाला मधून कुबट वास धरतो. हे मी ठासून सांगते खरं, पण भाचीच्या बाळाला दसऱ्याच्या सुमारास दुपटं शिवलं तेव्हा त्यावर आपट्याची पानं टाचली. ती टाचताना मला इतका आनंद झाला की मासिकवाल्या बायकांविषयी बोलायचा मला काही अधिकार राहत नाही.

आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या बायका? कामाचे जीर्ण कपडे जोडून, थंडीसाठी शिवलेली त्यांची क्विल्टं २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागली, मग न्यूयॉर्कला व्हिटनी संग्रहालयात. २००६ साली त्यांवर टपाल तिकिटं निघाली. ती वापरलेली होती, डागाळलेली होती, आणि तरी भिंतीवर चढली. पुढं मोबदल्यावरून त्यांच्यातल्या काही जणी कोर्टातही गेल्या. पण त्यांची नावं जगाला कळली. आत्याचं नाव कुणाला ठाऊक आहे? मी वाकळ घरात ठेवून ते नाव जपलं की दडपलं, हे मला ठरवता येत नाही.

हे सगळं मी शेजारच्या काकूंना ऐकवलं. काकू आता सत्तरीच्या पुढं आहेत, अजून दोरा तेवढाच आवळतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आत्याला वाईट वाटलं, मला ठावं हाय. पण माझं नाव कुठंतरी छापून यावं असं मला वाटतंय, त्याचं काय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. इतकी वर्षं मी आत्याच्या वतीनं नाही म्हणत होते, आणि त्यात काकूंना कधी विचारलंच गेलं नव्हतं.

एका प्रदर्शनाचा गट वर्गाचा अर्ज त्यांच्या नातवानं आणून ठेवलाय. त्यात नावांना पाच ओळी आहेत. काकूंनी स्वतःचं नाव लिहिलंय, खाली आत्याचं लिहायचं का ते मला विचारलंय. माझं नाव घालायला मी अजून तयार नाही. काकू रोज विचारतात.