निकल्सडॉर्फची वारी: ऑस्ट्रियाच्या वेशीवरचं मुक्त संगीत

ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाला, हंगेरीला खेटून निकल्सडॉर्फ नावाचं लहानसं गाव आहे. सप्टेंबर 1989 मध्ये हंगेरीने सीमा उघडली तेव्हा पूर्व जर्मनीतली माणसं या रस्त्याने पश्चिमेकडे आली. सप्टेंबर 2015 मध्ये निर्वासितांचे जथेही इथूनच पुढे गेले. एरवी चारी बाजूंना सपाट शेतं, पवनचक्क्या आणि अखंड वारा. अशा गावात हान्स फाल्ब यांनी 1976 मध्ये ‘जॅझगॅलरी’ सुरू केली आणि 1980 पासून तिथे उन्हाळ्यात ‘कॉन्फ्रंटात्सिओनेन’ हा मुक्त आणि उत्स्फूर्त संगीताचा महोत्सव भरू लागला. इव्हान पार्कर, पीटर ब्रॉट्झमन, ज्योएल लेआंद्र, जो मॅकफी ही या संगीतातली मोठी मंडळी इथे वाजवून गेली आहेत.

हे संगीत पहिल्यांदा ऐकणार असाल तर रेकॉर्डवर ऐकू नका, इथे येऊन ऐका, असं मी आग्रहाने सांगेन. रेकॉर्डवर कळतच नाही की हा आवाज कोणी, कशातून काढला. इथे गास्टहाउसच्या, म्हणजे गावातल्या खाणावळीच्या, अंगणात वादक आणि आपण यांच्यात जेमतेम काही पावलांचं अंतर असतं, आणि आवाज घडताना डोळ्यांना दिसतो.

राग नाही, ताल नाही, आधी बांधलेली रचना नाही. बऱ्याचदा एकत्र बसलेले वादकही एकमेकांना नवे असतात. आपल्या कानांना समेची सवय, त्यामुळे सुरुवातीला मी समच शोधत होते. मग डबल बास (व्हायोलिनच्या घराण्यातलं, उभं धरून वाजवायचं मोठं वाद्य) वाजवणाऱ्या एका बाईंनी माझं ऐकणं बदलून टाकलं. त्यांनी तारांमध्ये एक बारीक काडी अडकवली आणि गज घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खालच्या बाजूला ओढायला सुरुवात केली. खरखरीत, जवळजवळ माणसाच्या घशातून यावा तसा आवाज. शेजारी ड्रमवाल्याने ड्रमच्या कातड्यावर धातूची छोटी वाटी ठेवली आणि ती तळहाताने दाबत दाबत काठीने वाजवली. दाब वाढला की सूर चढायचा. बाईंनी तो चढता सूर ऐकला आणि गज आणखी हळू केला. तेवढ्यात वाऱ्याने अंगणावर ताणलेलं कापड जोरात फडफडलं. दोघंही थांबले, फडफड पुरती थांबू दिली आणि मगच पुढे निघाले. तेव्हापासून मी समेऐवजी कोण कोणाचं ऐकतंय, कोण कोणाला जागा देतंय हे पाहायला लागले, आणि पुढचे सगळे कार्यक्रम उलगडत गेले.

सॅक्सोफोनचा एक एकल कार्यक्रम तर विसरणं शक्य नाही. श्वास न तोडता अखंड फुंक. आपल्याकडचा गारुडी पुंगी वाजवताना गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, तेच हे तंत्र. त्या सलग प्रवाहात वरचे आणि खालचे सूर एकाच वेळी ऐकू येत होते आणि एकच माणूस वाजवतोय यावर विश्वास बसत नव्हता. सगळंच इतकं उतरलं असं नाही. लॅपटॉप आणि ध्वनी-मिक्सरवरचा एक कार्यक्रम मला लांबलेला वाटला. पण दर वेळी नवं घडवायचं तर काही वेळा न जमणं आलंच, आणि ते जमवण्याची धडपड समोर पाहणं हाही इथला आनंदच आहे.

आता जायचं कसं. व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनवरून हंगेरीतल्या हेग्येशहालोमकडे जाणारी प्रादेशिक रेल्वे पकडा, साधारण तासाभरात निकल्सडॉर्फ. स्टेशनवरून गावात चालत जाता येतं. खरी अडचण परतीची, कारण कार्यक्रम मध्यरात्र ओलांडतात आणि तेव्हा गाडी नसते. त्यामुळे राहण्याची सोय आधी करा, विमानाचं तिकीट नंतर. गावात खोल्या मोजक्याच आणि त्या लवकर जातात. पर्याय म्हणजे सीमेपलीकडचं हेग्येशहालोम, नाहीतर तळ्याकाठचं नॉयझीडल. दोन्हीकडून रात्री परतायला स्वतःची किंवा कोणाची तरी गाडी हवी. हंगेरीही शेंगेनमध्ये असल्यामुळे एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, फक्त तिथे युरो नाही, फोरिंट चालतो. महोत्सव सहसा जुलैच्या उत्तरार्धात असतो. तारखा दरवर्षी वेगळ्या, त्यामुळे त्या पाहूनच व्हिसाच्या मागे लागा.

दुपारी ऊन भाजून काढतं, सूर्य नऊच्या सुमारास मावळतो आणि मग तो वारा अंगाला झोंबतो. टोपी आणि स्वेटर दोन्ही हवेत. खाण्यात मांसाहार जास्त. शाकाहारी मंडळींनी शनिवारीच फळं, ब्रेड, चीज घेऊन ठेवावं, कारण रविवारी ऑस्ट्रियात दुकानं बंद असतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या. खिशात थोडी रोख असू द्या.

कार्यक्रम चालू असताना उठू नका, मोबाइल बॅगेत ठेवा. या संगीतात शांतताही वाजवली जाते आणि खुर्ची सरकल्याचा आवाज मंचापर्यंत पोचतो. मधल्या वेळेत रेकॉर्डच्या टेबलाशी जरूर थांबा. वादक तिथेच आसपास असतात, आणि तारांमधली ती काडी कसली होती असं विचारलं तर आनंदाने दाखवतात. विचारायला लाजू नका.

जुलैत जमलं नाही तर नोव्हेंबरात ऑस्ट्रियातच वेल्स शहरात ‘अनलिमिटेड’ महोत्सव असतो, 1987 पासूनचा. तो जुन्या कत्तलखान्याच्या इमारतीत भरतो. व्हिएन्ना–साल्झबुर्ग मुख्य मार्गावर वेल्स लागतं, त्यामुळे पोचणं सोपं आणि हॉटेलंही जास्त. अंगणाची मजा तिथे नाही, पण थंडीवाऱ्याची चिंताही नाही. लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर मी तोच सुचवेन.