बिमलीला रात्रभर उपाशी ठेवलं, ती सकाळ

"रात्री नऊनंतर काही देऊ नका, सकाळी रक्त घ्यायचंय." फोनवरचं हे वाक्य आठवलं की अजून जीव जळतो. कुत्र्या-मांजरांचा नियम फेरेटला (मुंगसासारखा दिसणारा मांसाहारी पाळीव प्राणी) लावला गेला आणि मी तो मुकाट्याने पाळला. दुसऱ्या कुणी पाळू नये म्हणून हे लिहायला बसलेय.

बिमली आमची फेरेट. साडेचार वर्षांची, वजन ७८० ग्रॅम. गोव्यात फोंड्याला आमच्या वाड्यावर सगळे तिला मुंगूसच म्हणतात. एप्रिल संपता संपता ती चालताना मध्येच थांबू लागली. बलकावावरून, म्हणजे पुढच्या ओसरीवरून, आत येता येता बसायची, मागचे पाय फरफटायचे, नजर भिंतीवर खिळलेली. हाक मारत राहिलं की मिनिटभराने भानावर यायची आणि काही झालंच नाही अशी पळायची. आम्ही म्हटलं, उकाडा. फेरेटला घाम येत नाही, पारा तिशीपार गेला की त्यांना ऊन बाधतं, तेव्हा संशय अगदीच चुकीचा नव्हता. पण ऊन लागलं तर धाप लागते, अंग तापतं. बिमलीचं अंग गार होतं, आणि एसीच्या खोलीतही हेच चाललं होतं. हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

मग ती पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडू लागली, लाळ गळू लागली. बाबा म्हणाले, बांगड्याचा काटा अडकला असणार. टॉर्च घेऊन आम्ही दाढा, टाळू, जीभ सगळं बघितलं. काटा नव्हता. रक्तातली साखर उतरली की फेरेटला मळमळतं आणि ती असंच तोंड खाजवतात, हे मला नंतर कळलं.

अपॉइंटमेंटसाठी फोन केला तेव्हा पलीकडून विचारलं, "कुत्रा की मांजर?" मी फेरेट म्हटलं. "इतर प्राण्यांचे डॉक्टर गुरुवारीच असतात. मांजर म्हणून घालू का, उद्याचा नंबर मिळेल." मला घाई होती, मी हो म्हटलं. ती माझी चूक. मांजर म्हणून नोंद झाली आणि मांजराच्याच सूचना आल्या: बारा तास उपास.

फेरेटचं पोट तीन-चार तासांत रिकामं होतं. निरोगी फेरेटलासुद्धा रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. आणि जिच्या स्वादुपिंडात इन्सुलिन वाहवणारी गाठ आहे, तिच्यासाठी बारा तास म्हणजे जिवाशी खेळ. या गाठीला इन्सुलिनोमा म्हणतात. तीन-चार वर्षं उलटलेल्या फेरेटमध्ये तो वारंवार दिसतो. गाठ इन्सुलिन सोडतच राहते, साखर खाली जाते आणि मेंदूला काही मिळत नाही. पाय लुळे पडणं, टक लावून बघणं, सगळं त्यातलंच.

पहाटे साडेपाचला मी उठले तेव्हा बिमली झुल्यातून खाली पडली होती. मान मागे ताणलेली, पाय ताठ, तोंडाला फेस. आईने देवापुढचा मध आणला. कानातल्या कापसाच्या काडीला लावून मी तो ओठ उचलून बाहेरच्या हिरडीवर चोळला. झटका आलेला असताना तोंडात बोट घालायचं नाही, दात मिटले तर सुटत नाहीत. आणि घशात ओतायचं तर मुळीच नाही, श्वासनलिकेत जातं. तीन-चार मिनिटांत ताठरपणा सुटला, डोळे हलले, तिने ओठ चाटले. त्या वेळी लगेच मांस द्यायला हवं होतं, कारण नुसत्या मधाने साखर चढते, त्याने गाठ आणखी इन्सुलिन सोडते आणि पुन्हा घसरण होते. पण मला तो उपास आठवला. मी दिलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

भावाने गाडी काढली. म्हार्दोळ, कुंडई, भोम, बाणस्तारीचा पूल. मांडीवरच्या टॉवेलमधल्या तिच्या छातीवर माझा हात होता. नऊ वाजता क्लिनिकचं दार उघडलं आणि आम्ही आत गेलो.

तरीही अकरा वाजत आले. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे बघून बोलायचा. मी सांगितलं, हिला पहाटे झटका आलाय, खायला द्यायला परवानगी द्या किंवा आत घ्या. तो म्हणाला, "मॅडम, खायला दिलंत तर टेस्ट चुकेल." हे मांजर नाही, म्हटलं. म्हणाला, "सिस्टममध्ये बारा तासच आहेत." मी पोटाचे तीन-चार तास सांगितले. त्याने मान हलवली आणि पुढचा फोन घेतला. लॅब्रॅडॉरचे टाके, पर्शियनची लस, पुन्हा एक लस. आमच्या पुढे सात जण. बिमलीला उपाशी राहून चौदा तास व्हायला आले होते.

अकराच्या सुमारास तिचे मागचे पाय पुन्हा लुळे पडले. माझ्या बॅगेत रात्रीच उकडून, वाटून आणलेलं चिकन होतं. मी डबा उघडला. मुलगा उठून म्हणाला, "नको, नको!" तेवढ्यात मागच्या खोलीतून एक डॉक्टर बाहेर आल्या, त्यांनी बिमलीकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, "किती वेळ उपाशी आहे?" मी सांगितल्यावर त्यांनी काउंटरकडे वळून काही न बोलता तिला उचललं. आत नेऊन आधी एक थेंब रक्त साखर मोजायच्या मशीनवर घातला: ३८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). मग लगेच मधाचं बोट आणि माझं चिकन. बिमलीने डबा अर्धा संपवला.

पुढचं पटापट झालं. माणसांचं ग्लुकोमीटर फेरेटमध्ये खरी साखर असते त्याहून कमी दाखवतं, म्हणून तीन दिवसांनी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर फक्त तीन तास उपाशी ठेवून रक्त घेतलं. फ्लुओराइडच्या राखाडी झाकणाच्या बाटलीत, थंड डब्यातून लॅबला, कारण साधं रक्त तसंच पडून राहिलं तर त्यातल्या पेशीच साखर खाऊन टाकतात. आकडा आला ५२. लक्षणं असताना ६० च्या खाली गेला की इन्सुलिनोमाच धरतात. ऑपरेशनबद्दल बोलणं झालं. गाठी काढल्या तरी परत येऊ शकतात, आम्ही औषधांवर थांबलो. प्रेडनिसोलोन दिवसातून दोनदा, गरज पडली तर डायझॉक्साइड. प्रेडनिसोलोन एकाएकी बंद करायचं नाही, डॉक्टरांनी हे दोनदा बजावलं.

आधी सांगायचं राहिलं: फेरेट दिवसातले चौदा-सोळा तास झोपतात, कधी इतके गाढ की हलवूनही उठत नाहीत. त्यामुळे झोप मोजू नका, उठल्यावर कशी चालते ते बघा. आणि पाय फरफटले की पहिल्यांदा मोबाईलवर व्हिडिओ काढा. टेबलावर ठेवल्यावर ती नेमकी ठणठणीत दिसते. शेपटीच्या मुळाशी केस गळत असतील तर तो मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रीनल ग्रंथीचा वेगळा आजार, त्याचंही सांगा. साखरेच्या गोळ्या, बेदाणे, केळं लाडाने देत असाल तर आजच थांबवा. आणि फोनवर उपासाचे तास सांगितले की विचारा: हे फेरेटसाठी डॉक्टरांनी सांगितलंय का? पुढे डॉक्टरांशीच बोलायचं आहे म्हणून हट्ट धरा, पाच मिनिटं लागली तरी.

चार महिने झाले. पहाटे चारला गजर लागतो, मी वाटलेलं चिकन बोटावर घेऊन झुल्याशी जाते. ती डोळे मिटूनच बोट चाटते. क्लिनिकला मी लेखी दिलं की नोंदीत फेरेट असा रकाना हवा आणि उपासाचे तास वेगळे हवेत. उत्तर आलेलं नाही. बिमलीच्या फाईलवर अजून मांजर लिहिलेलं आहे, म्हणून मी प्रत्येक वेळी लाल पेनाने वर ठळक लिहून नेते: फेरेट, उपास तीन तास, डॉक्टरांच्या समोरच.