दवबिंदूचा आठवडा

उन्हाळ्यात सात दिवसांचा हवामान अंदाज उघडला की नजर आधी कमाल तापमानावर जाते, मग ढगाच्या चित्रावर, मग त्याखालच्या टक्क्यांवर. दवबिंदूचा आकडा बिचारा तळाशी बारीक टायपात पडलेला असतो. आठवडाभराची सगळी उलाढाल मात्र त्याचीच. संध्याकाळचा वळीवही त्याचा आणि पहाटेचं धुकंही त्याचंच.

हवा थंड होत गेली की एका तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडू लागते. ते तापमान म्हणजे दवबिंदू. तो घरीही मोजता येतो. चकचकीत धातूचा पेला अर्धा पाण्याने भरा, त्यात थर्मामीटर ठेवा (तापाचा नव्हे) आणि बर्फाचे बारीक तुकडे एकेक करून टाकत ढवळत राहा. पेल्याची बाहेरची चकाकी ज्या क्षणी मंदावेल, त्या क्षणीचा आकडा टिपा. घाईघाईने मूठभर बर्फ ओतला तर पाणी पुढे निघून जातं आणि उत्तर दोन-तीन अंशांनी कमी येतं. पेल्याला नाक लावून बघत बसलात तर आपल्याच श्वासाची वाफ त्यावर बसते आणि उत्तर चढं येतं.

आर्द्रतेचे टक्के पाहून भागत नाही का? नाही. तीच हवा, तीच वाफ, पण दुपारी ४० टक्के आणि पहाटे ९०. टक्के तापमानाच्या तालावर नाचतात. दवबिंदू मात्र हवाच बदलली तर बदलतो, एरवी दिवसभर जवळपास तिथेच राहतो.

आता एक छोटं गणित. दुपारचं तापमान ३६ अंश आणि दवबिंदू २० असेल तर फरक १६. त्याला १२५ ने गुणलं की २००० मीटर, म्हणजे ढगाचा तळ साधारण तेवढ्या उंचीवर. दवबिंदू १२ वर असेल तर तळ ३००० मीटरवर जातो. मग वरून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतो. आटताना हवेला गार करतो, गार हवा जड होऊन कोसळते आणि जमिनीवर आदळून चौफेर पसरते. अंदाजात पाऊस नावापुरता आणि सोसाट्याचा वारा ठळकपणे दिलेला असतो, तो अशाच दिवसांसाठी. वाळत घातलेले कपडे काढायचे ते पावसाच्या नव्हे, धुळीच्या भीतीने.

पण भरपूर वाफ आणि रणरणतं ऊन असूनही काहीच घडत नाही, असे दिवस येतातच. वरती, दीड-दोन किलोमीटरवर, उबदार हवेचा एक थर झाकणासारखा बसलेला असतो. खालून उठलेले ढग त्याला टेकतात आणि चपटे होऊन विरतात. अंग नुसतं घामाने चिकचिकतं. झाकण टिकलं की वेधशाळेला शिव्या पडतात. चारच्या सुमारास फुटलं की दिवसभर कोंडलेलं सगळं एकदम वर धावतं. एक-दोन अंशांवर ठरणारी ही गोष्ट चार दिवस आधी सांगायची म्हणजे अवघडच. ढगाचा डोकावणारा गड्डा कडेने रेखीव, फ्लॉवरसारखा दिसत असेल तोवर त्यात पाण्याचे थेंब आहेत. त्याची कड पिसासारखी विसकटू लागली आणि माथा ऐरणीसारखा पसरला की वर बर्फ झालाय. आता गडगडाट दूर नाही.

वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला म्हणून लगेच अंगणात येणं हीच नेहमीची चूक. झाडाखाली थांबणं त्याहून वाईट.

एका ढगाचं आयुष्य जेमतेम अर्धा-पाऊण तास असतं आणि रुंदी काही किलोमीटर. जगभराचं हवामान मोजणारी मॉडेल्स साधारण १० किलोमीटरच्या चौकटींत विचार करतात. मग तुमच्या गल्लीचं नाव त्यात येणार कुठून? ४० टक्के शक्यता याचा अर्थ दिवसाच्या ४० टक्के वेळ पाऊस असा नाही. अशा दहा दिवसांपैकी चार दिवशी तुमच्या जागी पाऊस पडतो, इतकाच. पहिले दोन दिवस वेळेसकट वाचावेत, पुढचे तीन नुसत्या कलासाठी. सहावा-सातवा दिवस वाचायचा तर वाचावा, पण त्यावर लग्नाचा मांडव घालू नये.

धुक्याचं तर एका रात्रीपलीकडे बोलूच नये. वळिवाला हवा खवळलेली लागते, धुक्याला निपचित. एरवी उन्हाळ्यात धुक्याला जमिनीवर सवड मिळत नाही, कारण रात्र छोटी आणि माती कोरडी. संध्याकाळी सडकून पाऊस झाला की मात्र डाव पालटतो. माती ओली, दवबिंदू चढलेला, हवा गारावलेली. आता तीन गोष्टी पाहायच्या. दहापर्यंत आकाश निवळलं का? वारा जेमतेम पान हलेल इतकाच आहे का? आणि पहाटेचं किमान तापमान रात्रीच्या दवबिंदूला टेकतंय का? तिन्हींना होकार असेल तर पहाटेच्या प्रवासाला अर्धा तास जादा धरा. वादळाच्या ऐरणीचे उरलेले ढग रात्रभर वर रेंगाळले तर ते पांघरुणाचं काम करतात, जमीन निवत नाही आणि धुकं हुकतं. वारा अगदीच पडला तरी हुकतं. मग नुसतं दव पडतं आणि खोलगट भागात गुडघाभर पांढरी चादर दिसते, इतकंच.

एक किलोमीटरपलीकडचं दिसत नसेल तरच त्याला धुकं म्हणायचं. गाडीचे दिवे खाली ठेवावेत, वर केले की समोर पांढरी भिंतच उभी राहते. आणि सूर्य उगवला म्हणून लगेच निघू नये. पहिल्या उन्हाने दव वाफाळतं, खालची हवा किंचित हलते आणि धुकं उलट दाटतं. खरं निवळतं ते तासा-दोन तासांनी. आधी ते जमिनीवरून सुटून खालच्या ढगासारखं वर लोंबकळतं, मग फाटतं, मग त्याचे कापसाचे पुंजके होतात. दवबिंदू अजून २१ वर असेल तर दुपारी दोनला आकाशात पुन्हा तसलेच पुंजके जमलेले असतात, आणि त्यातल्या एखाद्याचा माथा वाढायला लागलेला असतो.